विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल कुलपात कशासाठी?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

फोंड्यातल्या एका सहकारी पतसंस्थेच्या संगणक विभागात मी २८ वर्षं नोकरी करते आहे. आमच्यासारख्या संस्था पूर्ण पैसे मोजून सॉफ्टवेअर घेतात आणि त्याचं मॅन्युअल मात्र त्यांना वाचायला मिळत नाही, त्याबद्दल हे पत्र आहे. कंपनीचं नाव देत नाही. तक्रार एकीचीच असती तर तिलाच लिहिलं असतं. पण गेल्या सात-आठ वर्षांत आमच्या सर्व्हर रूममध्ये जे जे नवीन आलं, त्यातल्या बहुतेकांची हीच तऱ्हा आहे.

गेल्या जूनमधली गोष्ट. मृगाच्या पहिल्या पावसात शुक्रवारी रात्री वाळपईला वीज पडली आणि आमच्या तिथल्या शाखेचा सर्व्हर गेला. यूपीएसही जळाला. शनिवारी सकाळी साडेसातला शाखा व्यवस्थापकांचा फोन आला. मुख्य कार्यालयात एक जादा सर्व्हर आम्ही ठेवलेला असतो, आणि आदल्या संध्याकाळचा बॅकअपही शाबूत होता. म्हणजे घाबरण्यासारखं काही नव्हतं. सर्व्हर गाडीत घातला, वर ताडपत्री टाकली आणि उसगावमार्गे आम्ही वाळपई गाठली. दहाच्या सुमारास जोडणी करून रिस्टोअर लावलं, म्हणजे बॅकअपमधली माहिती या सर्व्हरवर परत आणायला घेतली. ३ टक्क्यांवर ते थांबलं. स्क्रीनवर एक चार आकडी एरर क्रमांक आणि त्याखाली एकच ओळ: अधिक माहितीसाठी ॲडमिनिस्ट्रेटर मॅन्युअलचं ७ वं प्रकरण पाहा.

खालच्या लिंकवर क्लिक केलं तर लॉगिनचं पान उघडलं. ग्राहक क्रमांक मागितला, दिला. कराराचा क्रमांक मागितला. आमची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, ३१ मार्चला संपली होती आणि नूतनीकरणाचा विषय संचालक मंडळासमोर होता. परवाना मात्र कायमचा, त्याची पूर्ण रक्कम पहिल्याच वर्षी चुकती केलेली. जुनाच करार क्रमांक घातला, तेव्हा कळलं की आमचं खातं दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या सहकाऱ्याच्या नावावर आहे. ते माझ्या नावावर करायला संस्थेच्या लेटरहेडवर पत्र हवं, आणि पडताळणीला २ कामकाजाचे दिवस लागतील असं तिथं लिहिलेलं. त्या दिवशी शनिवार होता.

इंटरनेटवर तो एरर क्रमांक शोधला. पहिलाच निकाल त्याच कंपनीचा होता. आमचाच क्रमांक, आमचाच प्रश्न, अगदी 'कारण' हे उपशीर्षकसुद्धा दिसत होतं. त्याखाली दीड ओळ, आणि पुढे वाचण्यासाठी लॉगिन करा. हेल्पलाइनला फोन केला. पलीकडचा मुलगा सभ्य होता, त्याला मी दोष देणार नाही. तो म्हणाला, "मॅडम, ते पान माझ्यासमोर उघडं आहे, पण करार चालू असल्याशिवाय वाचून दाखवायची मला परवानगी नाही." नोकरीच्या २८ वर्षांत मी फोनवर कुणावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला, आणि नंतर त्या मुलाची माफीही मागितली.

बाहेर काउंटरवर लोक थांबले होते. पिग्मी एजंट आपापली मशीनं घेऊन बसलेले. आदल्या दिवशीची वसुली भरायची होती, भरणार कशी? केरी बाजूच्या एक वयस्कर बाई बियाणं आणि खतासाठी पैसे काढायला आल्या होत्या. आमची धावपळ बघून त्यांनी मलाच विचारलं, "बाये, म्हजे पयशे आसात न्ही?" त्यांचे पैसे सुरक्षित होते, पैन् पै होती. पण ती दाखवायला माझ्याकडे यंत्रणा चालू नव्हती, आणि ती चालू करायची कशी हे ज्या पुस्तकात लिहिलेलं होतं ते कुलपात होतं. मी त्यांना सोमवारी यायला सांगितलं. एसटीचं... म्हणजे आपल्या कदंब बसचं भाडं भरून आलेलं माणूस रिकाम्या हाताने परत गेलं.

शेवटी उपयोगी पडला तो कोल्हापूरचा एक ओळखीचा माणूस. तिकडच्या एका संस्थेत तो माझंच काम करतो, आणि त्यांच्याकडे हेच सॉफ्टवेअर आहे. रात्री साडेआठला त्याला फोन लावला. त्याच्याकडे मॅन्युअलची पीडीएफ होती, पण ती पाठवायला तो धजेना. प्रत्येक पानावर तिरप्या करड्या अक्षरांत त्याच्या संस्थेचं नाव आणि डाउनलोड केल्याची तारीख छापलेली होती, आणि तळाला इशारा: इतर कुणास दिल्यास परवाना रद्द होईल. तो म्हणाला, "ताई, पाठवत नाही, पण वाचून दाखवतो. तुम्ही लिहून घ्या." मग पिग्मीच्या कोऱ्या पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या बाजूला मी पेन्सिलीने लिहून घेत गेले. तो एकेक शब्द अक्षर लावून सांगायचा, आज्ञेतली (कमांडमधली) मधली आडवी रेघ एक की दोन हे तीन-तीनदा विचारून घ्यायची, पावसाने मध्येच लाइन तुटायची, पुन्हा लावायची. पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं रात्री, चोरीचा माल हाताळावा तशा दबल्या आवाजात, एका उत्पादनाची वापरायची रीत एकमेकांना सांगत होती. त्या उत्पादनाचे पैसे दोघांच्याही संस्थांनी मोजलेले होते.

उत्तर दोन ओळींचं निघालं. सर्व्हर बदलला असेल तर रिस्टोअरच्या आधी बॅकअपची सूची नव्याने बांधून घ्यावी लागते. एक आज्ञा, आणि तिच्यानंतर सेवा एकदा बंद करून चालू करायची. पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी वाळपई शाखेचा शेवटचा ताळा जुळला.

त्या दोन ओळींत कंपनीचं कुठलं गुपित होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

मी कामाला लागले तेव्हा आमच्याकडे संगणक एकमेकांना जोडणारं नॉव्हेल नेटवेअर हे सॉफ्टवेअर होतं. लाल खोक्यातून पुस्तकांची थप्पी आली होती. आमचे त्या वेळचे साहेब मला म्हणाले होते, "मशीनला हात लावू नकोस, आधी हे वाच." तीन महिने मी दुपारच्या जेवणानंतर तेच वाचलं. इंग्रजी मला कठीण जायचं, एका पानाला अर्धा तास लागायचा. पण माझं सगळं शिक्षण त्या पुस्तकांवर झालं. पणजीला जाऊन महागडा कोर्स करण्याची आमची ऐपत नव्हती. अजूनही त्यातली दोन पुस्तकं माझ्या कपाटात आहेत, समासात पेन्सिलीने 'इथे सावध' लिहिलेली. आज फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलं आमच्याकडे इंटर्नशिपला येतात. मागच्या वर्षी एका मुलीने एका पर्यायाचा अर्थ विचारला. सवयीने मी म्हटलं, "एफ वन दाब, सगळं लिहिलेलं असतं." तिने दाबलं आणि लॉगिनचं पान आलं. ती म्हणाली, "असू दे मॅडम, अंदाजाने करते." लोकांच्या ठेवी ज्या यंत्रात आहेत त्यावर अंदाजाने काम करायची सवय त्या मुलांना कोण लावतंय?

या धंद्याची मूळची रीत अशी नव्हती. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची. त्यात प्रत्येक आज्ञेला तिचं पान होतं आणि त्या पानावर 'बग्ज' म्हणून एक मथळा असायचा. ही आज्ञा कुठे चुकते हे करणाऱ्यानेच तिथे लिहून ठेवायचं. आजही युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्सवर 'मॅन' आणि पुढे आज्ञेचं नाव टाइप केलं की तो मथळा अनेक पानांवर दिसतो. १९८१ साली आयबीएमने पीसी आणला, तेव्हा त्याच्या विकत मिळणाऱ्या तांत्रिक पुस्तिकेत सर्किटचे नकाशे आणि संगणक सुरू करणाऱ्या बायोसचा प्रोग्रॅम ओळीनिशी छापलेला होता. आमच्या मुख्य कार्यालयातल्या फाइल सर्व्हरवर सांबा चालतं. लिनक्सच्या मशीनला विंडोजच्या संगणकांशी बोलायला लावणारं हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे. त्याला लागणारी विंडोजच्या नेटवर्कची माहिती मिळवायला केवढा झगडा झाला ते वाचलं, तेव्हा मला धीर आला. मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ही माहिती खुली करायला सांगितलं आणि ४९.७ कोटी युरोंचा दंड केला. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्याच डिसेंबरमध्ये सांबाच्या वतीने एकदाच १०,००० युरो भरून ती कागदपत्रं घेण्यात आली. पुढच्या फेब्रुवारीत कंपनीने स्वतःहून सुमारे ३०,००० पानं जाहीर केली. आज ती कुणीही लॉगिनशिवाय वाचतो, आणि एवढं करून ती कंपनी बुडालेली नाही.

विक्री प्रतिनिधींना मी हा प्रश्न नेहमी विचारते. उत्तरं ठरलेली असतात. स्पर्धक नक्कल करतील, हे पहिलं. अहो, स्पर्धकाकडे पैसा आहे, तो दुसऱ्याच्या नावाने एक परवाना घेऊन सगळं मॅन्युअल एका दुपारी उतरवून घेईल. अडकतो तो वाळपईच्या शाखेत बसलेला माणूस. पोस्टग्रेस या डेटाबेसचं संपूर्ण मॅन्युअल, बंद झालेल्या जुन्या आवृत्त्यांसकट, सगळ्यांना उघडं आहे. ते फुकट सॉफ्टवेअर म्हणून सोडून देऊ. ओरॅकलसारख्या महागड्या डेटाबेसची मॅन्युअलंही लॉगिनशिवाय वाचता येतात. त्यांचे सपोर्टचे लेख कराराखाली असतात, आणि तो फरक मला मान्य आहे. इंजिनिअरच्या वेळेचे पैसे जरूर घ्या. आम्ही एएमसी भरतो, पुढेही भरू. पण वस्तू कशी चालवायची हे सांगणं ही सेवा नव्हे, तो वस्तूचाच भाग आहे. घरी आणलेल्या प्रेशर कुकरच्या खोक्यात गॅस्केट कशी बसवायची, शिट्टीचं भोक कसं साफ करायचं, याची पुस्तिका असते. वॉरंटी संपली म्हणून ती पुस्तिका कुणी परत न्यायला येत नाही.

दुसरं उत्तर सुरक्षेचं. हॅकर वाचतील म्हणे. १८८३ साली ऑगस्ट केरखॉफ्स नावाच्या डच भाषातज्ज्ञाने लष्करी गुप्तलेखनाबद्दल लिहून ठेवलं, की यंत्रणेची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुपित राहायला हवी ती फक्त किल्ली. ज्या सॉफ्टवेअरची सुरक्षा त्याचं मॅन्युअल लपवण्यावर अवलंबून आहे, ते मी माझ्या ठेवीदारांसाठी घेऊच कशाला?

उलट मॅन्युअल लपवल्यानेच सुरक्षेचे वांधे होतात. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेने, निर्देश काढले. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, यंत्रणांचे लॉग (कामकाजाच्या नोंदी) १८० दिवस जपायचे, घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय माहितीशास्त्र केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायची. चांगले निर्देश आहेत, आम्हाला ते पाळायचे आहेत. पण आमच्या एका सॉफ्टवेअरचे लॉग मुळात किती दिवसांनी आपोआप पुसले जातात, हे मला ३ आठवडे कळू शकलं नाही, कारण ते मॅन्युअलमध्ये आहे आणि मॅन्युअल कुलपात. शेवटी मी रोज सकाळी फोल्डर उघडून सगळ्यात जुन्या फाइलची तारीख वहीत लिहून ठेवायला लागले. प्रत्येक फाइल तिच्या ३१ व्या दिवशी गायब होते असं दिसलं, तेव्हा उत्तर मिळालं. सरकारने नियम करायचा, आम्ही तो पाळायचा, आणि पाळायची रीत कंपनीने दडवून ठेवायची, असं चाललं आहे.

कायद्यात आधार शोधला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचा दर्जा, मानक आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क आहे, पण व्यापारी कारणासाठी घेणारा त्यात ग्राहक धरला जात नाही. केंद्राने २४ डिसेंबर २०२२ रोजी राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली, संस्थांनी घेतलेलं सॉफ्टवेअर त्यात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मात्र एक चांगली तरतूद सापडली. कायदेशीररीत्या प्रोग्रॅम बाळगणाऱ्याने दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जोडण्यासाठी लागणारी माहिती, ती सहज उपलब्ध नसेल तर, मिळवण्यासाठी आवश्यक ती कृती करणं हा हक्कभंग नाही. म्हणजे ही माहिती लोकांना लागते हे कायद्यालाही ठाऊक आहे. पण तीन माणसांच्या आमच्या विभागाने प्रोग्रॅम उकलत बसायचं की शाखा चालवायच्या?

सगळ्यात जास्त बोचतं ते खरेदीच्या आधीचं. यंदा आम्हाला नवीन बॅकअप सॉफ्टवेअर घ्यायचं आहे. तीन कंपन्यांचे लोक येऊन गेले. रंगीत स्लाइड दाखवल्या, पणजीच्या हॉटेलात सादरीकरणाला आणि जेवणाला बोलावलं. तिघांनाही मी एवढंच म्हटलं की जेवण नको, रिस्टोअरचं प्रकरण वाचायला द्या. एकाने दुसऱ्या दिवशी मॅन्युअलची लिंक पाठवली, विनापासवर्ड. दुसऱ्याने गोपनीयतेच्या करारावर अध्यक्षांची सही मागितली. तिसरा म्हणाला, "ऑर्डर निघाली की लगेच ॲक्सेस देतो." बैलसुद्धा दात बघून घेतात. लाखोंची वस्तू आम्ही तिचं एकही पान न वाचता घ्यायची, आणि ती आपल्याला जमणारी नाही हे पैसे दिल्यावर कळून घ्यायचं? पहिल्या कंपनीचं मॅन्युअल मी दोन रात्री बसून वाचलं. त्यात एक उणीव स्पष्ट लिहिलेली होती, आमच्या जुन्या टेप ड्राइव्हवर ते चालत नाही म्हणून. तरीही मी शिफारस त्याचीच केली आहे. टेप ड्राइव्ह बदलता येईल.

राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याला आणि सहकार निबंधकांना माझी कळकळीची विनंती आहे. सरकारी निविदांत आणि सहकारी संस्थांना दिल्या जाणाऱ्या मार्गदर्शनात सॉफ्टवेअर खरेदीसाठी एक अट घाला. स्थापना, वापर, बॅकअप, रिस्टोअर, लॉग आणि सगळे एरर क्रमांक यांची पूर्ण मॅन्युअलं खरेदीआधी वाचायला मिळावीत. माल देताना त्यांची प्रत संस्थेच्या हाती द्यावी. करार संपला तरी ती जवळ ठेवायचा, छापायचा आणि आपल्या माणसांना शिकवायला वापरायचा हक्क संस्थेकडे राहावा. एकेकट्या पतसंस्थेने ही अट घातली तर कंपनी हसून पुढे जाईल. सगळ्या राज्याने घातली तर तिला ऐकावं लागेल. आणि आमच्यासारखीच कामं करणाऱ्या डिचोलीपासून काणकोणपर्यंतच्या सहकाऱ्यांना सांगणं आहे, की नूतनीकरणाच्या कागदावर सही होण्याआधी ही अट पेनाने लिहा. सहीनंतर आपलं कुणी ऐकत नाही, हा माझा अनुभव आहे.

आमच्या संचालक मंडळाच्या येत्या बैठकीत मी हा विषय टिपणासह ठेवला आहे. टिपणाला पिग्मीच्या पावतीपुस्तकाची ती पाठकोरी पानंही जोडली आहेत, पेन्सिलीच्या अक्षरांसकट. कोल्हापूरच्या माणसाचं नाव तेवढं खोडून टाकलं आहे.

आपली एक वाचक,
संगणक विभागप्रमुख, सहकारी पतसंस्था,
फोंडा, गोवा